कळवतो

फिन्लेचा आवाज मी ओळखते, चेहरा नाही.
ॲबर्डीनच्या बंदरावर धुकं उतरलं की
क्रेनची नुसती घरघर ऐकू येते,
तसा तो येतो सोमवारी सकाळी, फोनवर:
"ऊना, ही जागा तुमच्यासाठीच काढलीय जणू!"

कुठे, ते सांगत नाही.
कंपनी कुठली, तेही नाही.
दिवसाचा दर विचारावा तर आधी माझाच विचारतो,
मासळीबाजारात विकणाऱ्यानेच
गिऱ्हाइकाला भाव विचारावा तसा.

मी वेल्डिंग तपासते. बावीस वर्षं.
सांध्यातली केसाएवढी चीर
फिल्मवर दिसते मला, चष्मा न लावता.
फिन्लेच्या बोलण्यातली दिसत नाही.
त्याची वाक्यं रंग देऊनच येतात,
आणि रंग दिल्यावर सांधा तपासता येत नाही
हे आमच्यात उमेदवारीची पोरंही जाणतात.

"दोन जुन्या साहेबांची नावं द्या, शिफारशीपुरती."
दिली.
दुसऱ्या दिवशी मॅकीचा फोन:
"हा कोण गं? तुझ्याबद्दल चकार शब्द नाही.
माणसं हवीत का, एवढंच विचारत होता."

मग कळलं, तीच जागा आणखी दोघांकडे आहे.
एकाकडे तीनशे चाळीस पौंड, दुसऱ्याकडे दोनशे पंचाण्णव,
आणि माझा कागद तिथे तिघांकडून पोचलाय,
म्हणून तिन्ही वेळा बाजूला.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात.
तीन घरच्याचं काय होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मुलाखत झाली एकदा. कंपनीशी नाही,
कंपनीने माणसं निवडायला नेमलेल्या कंपनीशी.
पडद्यावर एक मुलगी, खोकत, कागद वाचत:
"वेल्डिंग करायला तुम्हाला किती आवडतं? एक ते पाचमध्ये सांगा."
मी करत नाही, तपासते.
"मग तीन लिहू?"
आणि मग तिने विचारलं
पाण्याखालच्या कामाच्या दाखल्याबद्दल.
माझ्याकडे नाही तो. माझ्या कागदावर होता.
मला पोहताही येत नाही;
कुणीतरी मला परस्पर समुद्रात ढकललं होतं.

मागच्या कामाचे चार आठवडे अजून लटकलेत.
साइट म्हणते एजन्सीला विचारा,
एजन्सी म्हणते हजेरीपत्रकावर सही नाही,
सही करणारा सुट्टीवर, टेनेरिफला,
आणि पगार तर देते तिसरीच एक कंपनी.
छत्री कंपनी म्हणतात तिला.
छत्रीचे पैसे माझ्याच मजुरीतून,
भिजतेही मीच.

"कळवतो," म्हणाला फिन्ले.
कळवळून म्हणाला, हे कबूल करायला हवं.
अकरा आठवडे झाले.

मार्चमध्ये एक अनोळखी नंबर.
"ऊना, मी फिन्ले. फिन्ले गेडीस."
आडनाव पहिल्यांदाच ऐकलं.
त्यांचा अख्खा मजला बंद केलाय,
कागद चाळायचं काम आता क्रॅकोतून होतं,
निम्मं तर यंत्रच करतं.
"तुमच्या ओळखीत कुठे काही... काहीही चालेल.
गोदीतलंसुद्धा."

दिवसाचे किती घेशील, विचारलं मी.
तो गप्प.
माझ्या खिडकीबाहेर एक सीगल ओरडला
आणि क्षणभराने तोच, फोनमधून.
म्हणजे इतकी वर्षं तो
इथेच कुठेतरी होता,
दोन रस्ते पलीकडे फार तर.

"कळवते," मी म्हणाले.
किती सहज गेला शब्द.
हात फिरवून पाहिला त्यावरून,
कुठे सांधाच लागेना.

किटली चढवली.
मॅकीचा नंबर काढला, ठेवला.
पुन्हा काढला.
वहीत लिहिलं: गेडीस. फिन्ले.
पोहता येतं का, विचारायचं राहिलं.